इंडियन ना? मग हिंदी चालेल

ज्यांचे आई-वडील ग्रीन कार्डावर न्यूयॉर्कला येऊन राहिले आहेत आणि ज्यांना सरकारी कार्यालयाची पायरी चढावी लागते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ‘आमची आई हिंदी सिनेमे बघते, तिचं भागतं’ असं म्हणणाऱ्यांनी तर जरूर वाचावं.

आईची चूल वेगळी, फूड स्टॅम्पही तिच्या नावावर. नूतनीकरणाच्या मुलाखतीला तिच्यासोबत मी शहराच्या त्या कार्यालयात गेले. घरच्या माणसाने दुभाषी म्हणून बोलायचं नाही, असं खिडकीवरच्या बाईंनी आल्या आल्या बजावलं. मला ते पटलं. पोरांनी मधे आपलंच काही घुसडू नये, हे बरोबरच आहे. मी एवढंच म्हटलं, “आईची भाषा मराठी आहे. तेवढा मराठी इंटरप्रिटर द्या.” बाईंनी मानही वर केली नाही. “इंडियन ना? मग हिंदी चालेल.” मी पुन्हा सांगितलं. “मराठीला वेळ लागतो. मागे रांग बघा.” आणि स्पीकरवर हिंदी सुरू झाली.

आमची आई माण तालुक्यातली. तलाठ्यासमोर उभं राहिल्यावर करायची तसंच तिने इथेही केलं: मान डोलवत “हां जी, हां जी.” शेताबद्दल विचारलं तेव्हा तिने आपल्या हिंदीत सांगितलं, की जमीन दीर बघतात, पूर्वी पिकलं की दाण्याचे पैसे पाठवायचे, आता पाऊसच नाही, पड आहे. मी तोंड उघडलं तर बाईंची हाताने गप्प बसायची खूण. मी मघाशीच सांगत होते ना!

पुढे पत्र आलं. अर्थातच इंग्रजीत. परदेशातल्या शेतीचं उत्पन्न मिळतं, म्हणून मदतीची रक्कम कापली. आईला वाटलं तिनेच काहीतरी लपवलं, आता आपल्याला पकडतील. दोन घास कमी जेवायला लागली. ते मी कोणाला माफ करणार नाही.

पण खरी चीड आली ती केसच्या कागदांची प्रत हातात पडल्यावर. त्यात नोंद होती: भाषा हिंदी, दुभाषी पुरवला, अडचण नाही. म्हणजे मी दोनदा उच्चारलेला ‘मराठी’ हा शब्द कुठेच नाही. कागदावर सगळं कायदेशीर, सगळं नीट. तेव्हा कळलं की यांच्या लेखी दुभाषी देणं म्हणजे एक चौकोन भरणं. समोरच्याला समजलं की नाही, याला त्या चौकोनात जागाच नाही.

आता कायदा ऐका, कारण खिडकीवर तो कोणी सांगत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सांगतं, की केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला वंश, वर्ण किंवा मूळ देश यावरून भेदभाव करता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात, १९७४ साली, सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या आधारे भाषेची अडचण दुर्लक्षून चालणार नाही असं ठरवलं. २००० साली क्लिंटन यांनी त्यावर आदेश काढला. तो मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रद्द केला. “आता ते सगळं गेलं” असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आदेश गेला, कायदा जागेवर आहे. शिवाय न्यूयॉर्क शहराचा स्वतःचा २०१७ चा कायदा आहे. त्यात महत्त्वाचे कागद दहा भाषांत द्यायचे आहेत, आणि फोनवरचा दुभाषी किमान शंभर भाषांसाठी. दहाच्या यादीत बंगाली आहे, उर्दू आहे. मराठी नाही, तशी हिंदीही नाही! मग हिंदी कुठल्या हिशेबाने आमच्या गळ्यात मारली?

तेव्हा सांगते ते करा.

पहिलं, भाषा तोंडी सांगून थांबू नका. अर्जावर, मुलाखतीच्या पत्रावर, जिथे जागा दिसेल तिथे आपल्या अक्षरात भाषेचं नाव लिहा आणि त्याचा फोटो काढा. चुकीची भाषा जोडली तर मुलाखत तिथेच थांबवायला सांगा आणि दुसरी तारीख मागा. मराठी दुभाषी मिळतो, थोडं थांबावं लागतं इतकंच. इंटरप्रिटरचा क्रमांक लिहून घ्या. तो विचारला की देतात.

दुसरं, निर्णय पटला नाही तर राज्याकडे फेअर हिअरिंग मागा. फूड स्टॅम्पसाठी नोटिशीच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात, मेडिकेडसाठी ६०. पण वाट पाहू नका. नोटीस लागू होण्याच्या तारखेआधी मागणी केली, तर बहुतेक प्रकरणांत निकाल लागेपर्यंत जुनी मदत चालू राहते. मागणी करतानाच मराठी दुभाषी हवा असं नोंदवा. तो मोफत असतो. आमच्या वेळी फोनवर नागपूरकडची बाई मिळाली. आईने पहिल्यांदा सलग बोलून सगळं सांगितलं.

तिसरं, गावाकडचे कागद आधीच जमवा. आमच्या कामी आला तो सातबारा. पीक पाहणीत ‘पड’ अशी नोंद होती. सोबत दिरांचं पत्र. नुसतं मराठी चालत नाही. इंग्रजी भाषांतर आणि ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं भाषांतरकाराचं सहीचं निवेदन जोडा.

चौथं, शांत राहा, आवाज चढवू नका वगैरे. हे सगळेच सांगतात, म्हणून मीही सांगते. माझा चढला होता आणि मला त्याचं काही वाटत नाही.

हिअरिंगमध्ये निकाल आमच्या बाजूने लागला, कापलेले पैसे परत आले. माफीचा शब्द नाही. भाषेबद्दलची तक्रार मी वेगळी केली, शहराच्या ३११ या फोन क्रमांकावर. तीही करायचीच, नाहीतर पैसे परत मिळाले म्हणून प्रकरण मिटलं असं धरतात. केंद्राकडे तक्रार न्यायची तर घटनेपासून १८० दिवसांच्या आत. शहराकडून मला उत्तर आलं: ‘दुभाषी सेवा पुरवण्यात आली होती.’ त्याच पत्राच्या कडेला ‘कोणत्या भाषेत?’ एवढंच लिहून मी ते परत पाठवलं आहे.