एका प्लगवर किती भार?

प्रश्न : हिमाचलला जाताना मनीमाजऱ्यात मावशीकडे कॅरॅव्हॅन उभी करतो. वीज घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगवरून घेतो. एसी चालू असताना इंडक्शन शेगडी लावली की एमसीबी पडतो. काय करावे?

उत्तर : २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे सुमारे ३७०० वॅट, तासन्‌तास ओढायचे तर ३००० च धरा. दीड टनी एसीला साधारण १७००, शेगडीला २०००, शिवाय फ्रिज. स्वयंपाक गॅसवर करा, नाहीतर तेवढा वेळ एसी बंद ठेवा. मोठा एमसीबी मात्र कृपा करून बसवू नका. भिंतीतली वायर तापून आग लागू शकते. मला जास्त काळजी एक्स्टेंशनची वाटते. तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरा आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते, आवरण वितळते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.