गोळ्या चालू असताना ‘पीसीओएस’चे निदान : घाई नको, हयगयही नको



पाळी अनियमित म्हणून किंवा पाळणा लांबवायचा म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुरू होतात. काही महिन्यांनी कोणीतरी सोनोग्राफी करायला सांगते आणि प्रश्न उभा राहतो : हिला पीसीओएस आहे की नाही? वाडीवरच्या बाईला या तपासणीसाठी सावंतवाडी, ओरोस किंवा थेट बांबोळी गाठावी लागते. दिवसाची मजुरी बुडवून आणलेल्या त्या कागदाचा अर्थ काय, हे आपण समजून घेऊ या.

पीसीओएस म्हणजे काय?

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. आज बहुतेक डॉक्टर २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांवर चालतात. तीन खुणा पाहायच्या : (१) पाळी अनियमित असणे, (२) पुरुषी हार्मोन वाढणे, म्हणजे हनुवटीवर-छातीवर राठ केस, खूप मुरूम किंवा रक्ततपासणीत वाढलेले प्रमाण, (३) सोनोग्राफीत बीजकोशात अनेक लहान पुटिका दिसणे. यांपैकी दोन असाव्यात आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी इतर कारणे नसावीत. कोवळ्या वयातील मुलींत मात्र पहिल्या दोन्ही खुणा लागतात. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते.

निकष बदलला की उत्तरही बदलते. मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींना पीसीओएस ठरला. पुरुषी हार्मोनाची खूण आवश्यक मानणाऱ्या दुसऱ्या निकषांनी तोच आकडा १०.७ टक्के आला. मुली त्याच!

गोळी काय झाकते?

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. हार्मोनच्या गोळ्या बीज बाहेर पडणे थांबवतात. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत जे रक्त जाते, ते हार्मोन थांबल्यामुळे. ती स्वतःची पाळी नव्हे. म्हणून गोळीवर “पाळी अगदी वेळेवर येते” यावरून काही सिद्ध होत नाही.

गोळीमुळे बीजकोशातले पुरुषी हार्मोन कमी बनते, शिवाय ते बांधून ठेवणारे रक्तातले प्रथिन वाढते. त्यामुळे रक्ताचा अहवाल चांगला येतो, मुरूमही कमी होतात. बीजकोश आकाराने लहान होतात, पुटिका कमी दिसतात. तिन्ही खुणा अशा झाकल्या जातात. म्हणून गोळी चालू असतानाचा ‘नॉर्मल’ अहवाल म्हणजे पीसीओएस नाही, असे नव्हे. उलट, गोळी सोडल्यावर पहिले एक-दोन महिने पाळी पुढे-मागे झाली, तर तेवढ्यावरून पीसीओएसचा शिक्काही मारू नये.

मग करायचे काय?

पहिले, गोळी सुरू होण्याआधीची पाळी आठवा. २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येत होती का? वर्षातून आठपेक्षा कमी वेळा? ही माहिती गोळी पुसू शकत नाही. ती डॉक्टरांना सांगा.

दुसरे, कोणती गोळी ते पाकीट दाखवून सांगा. ‘छाया’ ही हार्मोनची गोळी नाही, पण तिनेही पाळी लांबते. गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेली गोळीही लपवू नका.

तिसरे, हार्मोनची तपासणी खरोखर हवीच असेल, तर साधारण तीन महिने गोळी बंद ठेवून ती करतात. मात्र हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. त्या काळात निरोध किंवा तांबी हवी, नाहीतर नको असताना दिवस जातील. तीन महिने पाळी आलीच नाही, तर आधी गर्भ आहे का ते तपासावे.

चौथे, गोळी सोडणे प्रत्येकीला गरजेचे नाही. पीसीओएसमध्ये पाळी नियमित करण्यासाठी बहुधा हीच गोळी देतात. वजन, रक्तदाब आणि साखर तर गोळी चालू असतानाही तपासता येते. पीसीओएस असलेल्या बाईला मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून ही तपासणी लांबवू नये. पायाला एका बाजूने सूज व दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे असे झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

आपल्यासाठी

निदान लटकत असते तेव्हा घरात आणि शेजारी बोलणे सुरू होते : हिला मूल होणार नाही, हिचे लग्न कसे ठरणार? पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांना मुले होतात, काहींना औषधांची मदत लागते इतकेच. अर्धवट अहवालावरून कोणाच्या मुलीला नाव ठेवू नये.

महिला मंडळात चर्चेसाठी : आपल्या वाडीतल्या किती मुली पाळीची तारीख लिहून ठेवतात? दवाखान्यात जाताना त्यांच्यासोबत कोण जाऊ शकेल? एक साधी वही आणि एक सोबतीण, एवढ्याने डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.