रंगाखालचें काम

मोटारीच्या मडगार्डास नवा रंग दिला, आणि एकाच पावसाळ्यानंतर त्याचे पापुद्रे निघूं लागले, असा अनुभव पुष्कळांस आहे. दोष बहुधा रंगाचा नसतो. उघड्या धातूची तयारी अपुरी राहिलेली असते. ती तयारी कशी करावी, हें येथें पाहूं.

कल्हईवाला तांब्याचें भांडें आधीं घांसतो, तापवितो, नवसागरानें मळ काढतो, आणि मगच कथिल फिरवितो. मळावर कथिल धरत नाहीं; त्याचप्रमाणें तेलावर किंवा गंजावर रंग धरत नाहीं.

१. तेल काढणें : पत्रा घांसण्यापूर्वींच तेल, ग्रीस व मेण काढावें, नाहीं तर तें ओरखड्यांत अधिकच भरतें. एका फडक्यानें थिनर लावावें व तें सुकण्यापूर्वीं दुसऱ्या कोरड्या फडक्यानें पुसावें. हें काम मोकळ्या हवेंत, विस्तवापासून दूर करावें.

२. गंज काढणें : गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून खालीं राहिलेला गंज वाढून रंगास उचलतो. तारेचा ब्रश व ८० नंबरचा पॉलिश पेपर यांनीं तो खळग्यांतूनही काढावा. मग १८० नंबरनें पत्रा सारखा घांसावा. बारीक ओरखड्यांनीं रंगास आधार मिळतो. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असेल, तर तो कोरडा घांसूं नये. ती धूळ विषारी असते.

३. परीक्षा : पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतावें. तें सलग पसरलें तर पत्रा स्वच्छ. तुटून थेंब झाले तर तेल शिल्लक आहे. नंतर पत्रा लगेच वाळवावा. त्यास उघडा हात लावूं नये. घामांत क्षार असतात.

४. प्राइमर : तो त्याच दिवशीं द्यावा. गोदावरीकांठच्या दमट पावसाळी हवेंत उघडें लोखंड लवकरच तांबूस होतें. लोखंडास इपॉक्सी प्राइमर चांगला. अल्युमिनियमवर बहुधा एच प्राइमर लावितात. डब्यावरील सूचना अवश्य वाचाव्या.

मोठ्या कारखान्यांतही हाच नियम आहे. तेथें मोटारीचा सांगाडा धुवून फॉस्फेटच्या द्रावणांत बुडवितात. लोखंडावर असा थर देण्याच्या कृतीचें पेटंट थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनीं इंग्लंडांत १९०६ सालीं घेतलें. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यांतून २०२० सालीं पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला; धातूची विद्या आतां आपल्या भागास परकी नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कांहीं नांदेड-लातूरच्या गॅरेजांत काम शिकावयास जातील. गिऱ्हाईकास वरचा रंग दिसतो, खालचा पत्रा दिसत नाहीं. गंजावर रंग दिला तरी त्या दिवशीं मजुरी तेवढीच मिळेल. पण फसलेला मनुष्य पुन्हां येणार नाहीं. बाहेरून सुंदर व आंतून मलिन अशा कबरांची उपमा प्रभु येशूनें ढोंगी माणसांस दिली, ती येथेंही लागू पडते. पालकांनींही रंगाऱ्याची घाई करूं नये. पत्रा घांसण्यास लागणारा वेळ हा कामाचाच भाग समजून त्याची मजुरी द्यावी.