औषधाच्या जोडीला की औषधाच्या जागी?



घरात कॅन्सरचे निदान झाले की चार दिवसांत दहा सल्लागार जमतात. कोणी गव्हांकुराचा रस सांगतो, कोणी लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, कोणी मालिश, कोणी प्राणायाम. सांगणारे बहुधा मायेनेच सांगतात, पण ऐकणाऱ्या कुटुंबाचा गोंधळ उडतो. आजाऱ्यांच्या भेटीला जातो तेव्हा आम्हांला हमखास विचारले जाते, “फादर, करून पाहायला काय हरकत आहे?” आज या प्रश्नाचा विचार करू या.

१. पूरक आणि पर्यायी

डॉक्टरांच्या उपचारांच्या जोडीला घेतला जातो तो पूरक उपचार. त्यांच्या जागी घेतला जातो तो पर्यायी. वस्तू तीच असली, तरी हेतू बदलला की कृती बदलते. मळमळ कमी व्हावी म्हणून डॉक्टरांना विचारून आले चघळणे वेगळे आणि गाठ विरघळेल या आशेने केमोथेरपी सोडून काढा पीत बसणे वेगळे.

या दुसऱ्या वाटेची किंमत मोठी आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेला नसतानाही ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून अधिक होता.

याउलट परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० महिलांवर केलेला योगाचा अभ्यास पाहा. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले. योगामुळे थकवा व वेदना कमी होण्यास मदत झाली. पण लक्षात घ्या, कोणाचेही उपचार थांबवून योग दिला नव्हता. योग उपचारांच्या सोबत होता.

२. आजार बरा होणार नसेल तेव्हा

“आता काही करण्यासारखे नाही,” असे म्हणून कित्येक घरे खचतात. हे वाक्य खरे नाही. बरे करता आले नाही, तरी त्रास हलका करता येतो. यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. वेदना केवळ शरीराची नसते. मन, नातीगोती व आत्मा हेही दुखत असतात, असे त्या शिकवीत. आपल्याकडे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्रे येथे शांती आवेदना सदन स्थापन केले. भारतातले ते पहिले हॉस्पिस.

इथे हलके मालिश, आवडती गाणी, संथ श्वसन यांना खरी जागा आहे. कसोटी एकच : आजाऱ्याला ते हवे आहे का आणि त्याने त्याला बरे वाटते का? कोणाला पाय चेपून हवे असतात, कोणाला नुसती शांतता. आपल्या समाधानासाठी त्याच्या तोंडात कडू काढा ओतणे ही सेवा नव्हे.

मॉर्फिनची भीतीही सोडा. वेदना शमवणे हा हेतू असेल, तर अशी औषधे घेण्यास मुभा आहे, हे पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच स्पष्ट केले होते.

३. चार सावधगिऱ्या

• जे काही घ्याल ते डॉक्टरांना सांगा. काही वनौषधींमुळे केमोथेरपीचा परिणाम बदलतो, काहींमुळे रक्तस्राव वाढतो.
• पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या रसांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो.
• गाठीवर, रेडिएशन दिलेल्या त्वचेवर किंवा अचानक सुजलेल्या पायावर मालिश करू नका.
• ‘हमखास बरा’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. दागिने गहाण टाकण्याआधी एवढे आठवा.

४. प्रार्थना आणि औषध

बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय घरी वाचा. वैद्य आणि जमिनीतून उगवणारी औषधे दोन्ही देवाने दिली आहेत, असे तो सांगतो. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असेही सांगतो. म्हणून “विश्वास असेल तर गोळ्या बंद करा” असे कोणी प्रार्थनासभेत सांगितले, तर ते ऐकू नका. आजाऱ्यांचा अभ्यंग हा संस्कारही डॉक्टरांच्या जागी नसतो आणि तो फक्त शेवटच्या घटकेसाठीही नसतो. वेळेवर बोलवा, आम्ही येऊ.

खारघरचे टाटाचे ॲक्ट्रेक केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. तिथे जाणाऱ्या शेजाऱ्याला नवा काढा सुचवण्याऐवजी त्याच्यासोबत रांगेत बसलात, तर तोही पूरक उपचारच होईल.

चिंतनासाठी
१. आपल्या घरातील आजाऱ्याला काय हवे आहे, हे आपण त्याला विचारले आहे का?
२. डॉक्टरांपासून आपण काही लपवत आहोत का?
३. या आठवड्यात कोणत्या आजाऱ्याजवळ आपण तासभर बसू शकू?