मोकळी जागा फुकट नसते

मागील पावसाळ्यांत इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें मोबाईलचा एक निकामी चार्जर उघडून आमच्या मेजावर आणून ठेविला. आंतील हिरव्या पट्टीवर तांब्याच्या रेषा दाटीवाटीनें आंखलेल्या होत्या. परंतु मध्यभागीं एक पट्टा अगदीं मोकळा असून त्यांत एक बारीक चीर आरपार कापलेली होती. "सर, इतकी जागा फुकट कां घालविली? येथून एक तार नेली तर दुरुस्ती किती सोपी होईल!" असें तो म्हणाला. प्रश्न मार्मिक होता, पण सूचना घातक होती. दोहोंचें उत्तर सर्वच विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें तें येथें देत आहों.

ह्या पट्टीला प्रिंटेड सर्किट बोर्ड म्हणतात. चार्जरमध्यें तिच्या एका अंगास घरांतील २३० व्होल्टांचा विद्युद्दाब असतो व दुसऱ्या अंगास सामान्यतः अवघा ५ व्होल्टांचा. ह्या दुसऱ्या अंगाशीं जोडलेल्या तारेला आपला हात लागतो. म्हणून पट्टीवरील तो मोकळा पट्टा ही आपल्या जिवाची भिंतच होय.

ही भिंत किती रुंद असावी हें ठरवितांना दोन अंतरें मोजावीं लागतात. एका रेषेवरून दुसऱ्या रेषेवर कावळा उडत गेला तर जें अंतर कापील तें हवेंतील अंतर, म्हणजे क्लिअरन्स. मुंगी पट्टीला चिकटून चालत गेली तर जें कापील तें पृष्ठभागावरील अंतर, म्हणजे क्रीपेज. सपाट पट्टीवर हीं दोन्हीं सारखींच. मग नियम दोन कशासाठीं? कारण हवा आणि पृष्ठभाग हीं दोन निरनिराळ्या रीतींनीं दगा देतात.

प्रथम हवेचें पाहूं. समुद्रसपाटीवर एक मिलिमीटर हवा सुमारें ३००० व्होल्टांपर्यंत तग धरते. ह्या हिशेबानें २३० व्होल्टांना केसाएवढें अंतर पुरेसें वाटेल. परंतु २३० हा परिणामी आंकडा आहे. प्रत्येक लहरीचें शिखर ३२५ व्होल्टांपर्यंत जातें. शिवाय वीज कडाडली किंवा मोठें यंत्र एकदम बंद झालें, कीं तारांतून क्षणमात्र हजारों व्होल्टांची लाट येते. म्हणून प्लगानें जोडावयाच्या घरगुती उपकरणांसाठीं आंतरराष्ट्रीय नियमांत २५०० व्होल्टांची लाट गृहीत धरून १.५ मिलिमीटर अंतर ठेविलें आहे. हात लागणाऱ्या भागापासून तें ३ मिलिमीटर लागतें. विरळ हवा लवकर हार खाते, म्हणून हे आंकडे २००० मीटर उंचीपर्यंतच चालतात. महाबळेश्वर ह्या मर्यादेच्या आंत आहे, लेह बाहेर आहे. ५००० मीटरांवर अंतर सुमारें दीडपट करावें लागतें.

हवेचा एक गुण मात्र आहे. ठिणगी विझली, कीं तेथें नवी हवा येते व भिंत पूर्ववत् होते. पृष्ठभागाचें तसें नाहीं. त्यावर धूळ बसते, धुळींत ओल मुरते व त्या ओलींतून किंचित् प्रवाह वाहूं लागतो. त्याच्या उष्णतेनें ओल एखाद्या ठिकाणीं सुकते. त्या सुक्या फटींतून सूक्ष्म ठिणग्या उडतात व खालची राळ जळून तिचा कोळसा होतो. कोळसा विद्युद्वाहक आहे. म्हणजे प्रत्येक ठिणगी पुढल्या ठिणगीसाठीं वाट बांधून जाते. ही वाट पुसली जात नाहीं.

पट्टीचा पदार्थ असा जळण्यास किती विरोध करितो हें पाहण्यासाठीं तिच्यावर नवसागराच्या पाण्याचे पन्नास थेंब एकामागून एक टाकून परीक्षा घेतात. कांचतंतू व इपॉक्सी राळ यांच्या नेहमींच्या पट्टीला, घरांतील सामान्य धूळ व क्वचित् येणारें दंव धरून, २५० व्होल्टांसाठीं २.५ मिलिमीटर पृष्ठभाग लागतो; हात लागणाऱ्या भागापासून ५ मिलिमीटर. कावळ्यास ३ पुरतात, मुंगीस ५ हवेत! जागा अपुरी पडली तर मध्यें चीर कापतात. कावळा ती सहज ओलांडतो, मुंगीस वळसा पडतो. पण अशा ठिकाणीं चीर निदान १ मिलिमीटर रुंद नसेल तर ती हिशेबांत धरीत नाहींत. विजेच्या खांबांवरील चिनी मातीच्या निरोधकांना झालरी असतात, त्याही ह्याच कारणासाठीं.

हें ज्ञान आम्हांस फुकट मिळालें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं प्रयोगशाळेंतील एक उपकरण आम्हींच दुरुस्त केलें आणि डाख दिल्यावर उरलेलें फ्लक्स पुसण्याचा आळस केला. उन्हाळाभर तें उत्तम चाललें. आषाढांत एके दिवशीं जळका वास आला. प्लग काढून, उघडून पाहतों तों मोकळ्या पट्ट्यावर एक काळी रेघ, पलीकडील तांब्यापासून अवघी एक मिलिमीटर दूर! घटकाभरापूर्वीं एक मुलगा त्याच उपकरणाच्या तारा हातानें जोडीत होता.

म्हणून विद्यार्थ्यांनीं इतकें ध्यानांत धरावें. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्यें विद्युत् सांचलेली राहते. चार्जर स्वतः उघडूं नये, शिक्षकांकडे आणावा. मोकळ्या पट्ट्यावरून तार नेऊं नये, तेथें डाखाचा कण किंवा मळ राहूं देऊं नये, चीर कशानेंही बुजवूं नये.

तो चार्जर आम्हीं दुरुस्त केला नाहीं. विज्ञानाच्या वर्गांत, फळ्याशेजारीं, तो ठेविला आहे. ज्यास कावळ्याची व मुंगीची वाट मोजून पाहावयाची असेल त्यानें मोजपट्टी घेऊन यावें.