डिस्क एक, वाटा चार : लिनक्समधील 'मल्टिपाथ' व्यवस्थेची ओळख

बँकेत पासबुक भरून घेताना आपली शिल्लक नेमकी कोठे लिहून ठेवलेली आहे, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पूर्वी ती खतावणीच्या जाडजूड वहीत असे. आता ती माहिती-केंद्रातील डिस्कवर असते. वहीसाठी तिजोरी होती, तशी डिस्कसाठीही एकीची नक्कल दुसरीवर ठेवण्याची सोय आहे. परंतु डिस्क धडधाकट असून तिच्यापर्यंत जाणारी केबलच निकामी झाली तर? तिजोरी शाबूत, पण खोलीचे दार उघडत नाही, अशी अवस्था होते. ती टाळण्यासाठी एकाच डिस्ककडे एकाहून अधिक वाटा ठेवतात. लिनक्स या संगणक-प्रणालीत या वाटांचा कारभार कसा चालतो, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहू. विषय तांत्रिक असला तरी त्यातील एक महत्त्वाचा निर्णय व्यवहाराचा आहे. म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनीही तो समजून घ्यावा, असे वाटते.

१. चार वाटा कशा होतात?

मोठ्या संस्थांतून महत्त्वाच्या डिस्क बहुधा सर्व्हरच्या पोटात नसतात. त्या एका स्वतंत्र कपाटात, म्हणजे साठवण-संचात असतात. सर्व्हर आणि संच फायबर चॅनेलच्या जाळ्याने किंवा साध्या नेटवर्कवरून चालणाऱ्या आय-स्कझी पद्धतीने जोडलेले असतात. समजा, सर्व्हरला दोन पोर्ट आहेत, मध्ये दोन स्विच आहेत आणि संचाला दोन कंट्रोलर आहेत. प्रत्येक पोर्टवरून दोन्ही कंट्रोलरपर्यंत पोचता येत असेल, तर 2 × 2 = 4 वाटा झाल्या. यांपैकी एखादी केबल, एक स्विच किंवा एक कंट्रोलर बंद पडला तरी काम चालू राहावे, हा हेतू.

पण येथेच एक अडचण उभी राहते. लिनक्सला सापडलेली प्रत्येक वाट ही स्वतंत्र डिस्क वाटते. 500 जीबीची एकच डिस्क त्याला एसडीबी, एसडीसी, एसडीडी आणि एसडीई अशा चार नावांनी दिसते. ताळेबंदात एकच इमारत चार वेळा दाखवावी, तशी ही 2000 जीबीची खोटी मालमत्ता होय. नुकसान मात्र खोटे नसते. एसडीबी आणि एसडीसी या वेगळ्या डिस्क समजून दोन्हींवर स्वतंत्रपणे लिहू लागल्यास एका नावाखालचा व्यवहार दुसऱ्याला ठाऊक नसतो. दोघेही एकाच जागेवर लिहितात आणि मजकुराचा विध्वंस होतो. म्हणजे वाटा वाढवल्याने सुरक्षितता आपोआप वाढत नाही, उलट धोका वाढू शकतो.

२. ओळख पटवणे

म्हणून मल्टिपाथचे पहिले काम वाट बदलण्याचे नसून ओळख पटवण्याचे आहे. एसडीबी, एसडीसी ही नावे डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने मिळतात. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात, म्हणून त्यांवर विसंबता येत नाही. परंतु साठवण-संच आपल्या प्रत्येक डिस्कला एक कायमचा ओळख-क्रमांक देतो. त्याला डब्ल्यू-डब्ल्यू-आयडी म्हणतात. कोणत्याही वाटेने विचारले तरी उत्तर तेच येते.

आपल्याकडील एखाद्या दुकानदाराच्या वहीत एकाच गिऱ्हाइकाचे नाव एका पानावर मराठीत आणि दुसऱ्यावर कन्नडमध्ये लिहिले गेले, तर नावांवरून ती दोन माणसे वाटतील. खाते क्रमांक पाहिला की ती एकच असल्याचे कळेल. मल्टिपाथ नेमके हेच करते. समान क्रमांकाच्या चारही वाटा एकत्र करून त्यांवर एमपाथ-ए असे एकच नाव ठेवते आणि हे नाव एका फाइलमध्ये नोंदवून ठेवते. ही जोडणी करणारा लिनक्सच्या गाभ्यातील भाग म्हणजे 'डिव्हाइस मॅपर'. तो 2003 साली आलेल्या 2.6 या आवृत्तीपासून गाभ्यात आहे. त्याच्या जोडीची मल्टिपाथ-टूल्स ही साधने प्रथम ख्रिस्तोफ वारोकी यांनी लिहिली.

यापुढचा नियम साधा, पण कडक आहे. एकत्रित नाव तयार झाले की सर्व व्यवहार त्याच नावाने करावा, मूळ चार नावांना हात लावू नये.

३. कोणत्या वाटेने जावे?

चारही वाटा सारख्याच दर्जाच्या असतात असे नाही. पुष्कळ संचांत एका डिस्कची जबाबदारी एका कंट्रोलरकडे असते. दुसऱ्याकडून गेल्यास काम होते, पण वळसा पडतो. कोणती वाट जवळची आणि कोणती वळशाची, हे संच स्वतःच ज्या ठरलेल्या पद्धतीने सांगतो, तिला 'अलुआ' असे नाव आहे. त्यानुसार जवळच्या वाटांना सामान्यतः 50 आणि वळशाच्या वाटांना 10 असे गुण मिळतात. समान गुणांच्या वाटांचा एक गट होतो. प्रथम वरचा गट वापरला जातो, खालचा राखीव राहतो.

गटातल्या गटात काम वाटण्याच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. पाळीपाळीने देणे ही एक. ज्या वाटेवर कमी कामे खोळंबली आहेत तिला देणे ही दुसरी. काम लवकरात लवकर कोठून उरकेल याचा अंदाज घेऊन देणे ही तिसरी. आज सामान्यतः ही तिसरी रीत प्रचलित आहे.

४. वाट बंद पडल्याचे कसे कळते?

येथे दोन कामगार आहेत. पहिला गाभ्यातील डिव्हाइस मॅपर. एखाद्या वाटेवरून पाठवलेले काम वाटेच्या दोषामुळे परत आले, की तो ती वाट बाद ठरवतो आणि तेच काम दुसऱ्या वाटेने पाठवतो. वरच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नाही. फार तर क्षणभर उशीर जाणवतो. दुसरा कामगार म्हणजे पार्श्वभूमीवर सतत चालणारा 'मल्टिपाथ-डी'. तो प्रत्येक वाटेला ठरावीक वेळाने "तयार आहेस काय?" असे विचारतो. हे अंतर मुळात 5 सेकंदांचे असते. वाट सुरळीत असेल तर ते वाढत 20 सेकंदांपर्यंत जाते. बाद झालेली वाट दुरुस्त झाल्याचे यालाच प्रथम कळते आणि तो तिला पुन्हा कामावर घेतो.

५. सर्वच वाटा बंद पडल्यास?

हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. चारही वाटा बंद झाल्या आणि लिहायचा व्यवहार हातात आहे, तर काय करावे? 'नो पाथ रीट्राय' या एका ओळीत याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते. पर्याय तीन आहेत.

(अ) ताबडतोब चूक कळवणे. प्रोग्रॅमला लगेच नकार मिळतो. पण दोन सेकंदांचा अडथळा आला तरी चालू काम मोडते.

(आ) वाट पाहत राहणे. वाटा पुन्हा सुरू झाल्या की अडलेले काम पूर्ण होते; पण त्या सुरूच झाल्या नाहीत तर प्रोग्रॅम अनिश्चित काळ गोठून राहतो, आणि बंद करू म्हटले तरी बंद होत नाही.

(इ) ठरावीक वेळ थांबणे. 12 हा आकडा दिला आणि तपासणीचे अंतर 5 सेकंद असेल, तर सुमारे 60 सेकंद थांबून मग चूक कळवली जाते.

यांतला कोणता पर्याय योग्य, हे यंत्र सांगू शकत नाही. जेथे एक सर्व्हर थांबताच दुसरा त्याची जागा घेण्यास सज्ज असतो, तेथे अनिश्चित काळ वाट पाहणे घातक. कारण पहिल्याने हार मानल्याशिवाय दुसरा पुढे येत नाही. जेथे एकच सर्व्हर आहे, तेथे एक मिनिट थांबणे शहाणपणाचे ठरू शकते. किती वेळ थांबणे परवडते आणि नकार मिळाल्यास किती नुकसान होते, हा हिशेब त्या संस्थेनेच मांडायचा असतो.

६. मर्यादा

तीन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, मल्टिपाथ वाट राखते, मजकूर नव्हे. चुकून पुसलेली नोंद चारही वाटांनी पुसलेलीच दिसते. बॅकअप वेगळा ठेवावाच लागतो. दुसरी, चारही केबली एकाच स्विचमधून जात असतील, तर तो स्विच बंद पडताच चारही वाटा एकदम जातात. चार ही संख्या मग केवळ कागदावर उरते. तिसरी, साधन एकच नाही. एनव्हीएमई जातीच्या वेगवान डिस्कसाठी 2018 सालच्या 4.15 या आवृत्तीपासून गाभ्यातच वेगळी सोय झाली आहे.

व्यवस्था नीट आहे की नाही, हे 'मल्टिपाथ' या आज्ञेला 'एल-एल' हा पर्याय जोडून पाहता येते. प्रत्येक डिस्कखाली तिच्या वाटा आणि प्रत्येकीची स्थिती दिसते. चार अपेक्षित असताना तीनच दिसल्या, तर काम चालू असूनही धोक्याची सूचना समजावी. कारण एक वाट गेल्याने काहीच अडत नाही, म्हणून ती गेल्याचे महिनोन् महिने कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ते उमगते ते शेवटची वाट बंद पडल्यावर. यासाठी जाणकार मंडळी यंत्र वापरात आणण्यापूर्वीच, काम चालू ठेवून, एक एक केबल स्वतः काढून पाहतात. ताळेबंदावर सही करण्याआधी हिशेब-तपासनीस जसे पुरावे पडताळतो, त्यातलाच हा प्रकार. राखीव वाट आहे असे म्हणण्याचा अधिकार ती चालवून पाहणाऱ्यालाच आहे.