इंजिनाचं मत आणि तुझं कारण

मुलुंड (पूर्व)

चि. सोनूस,


तू पाठवलेली पीजीएन फाइल उघडली आणि पहिल्यांदा वाटलं, ताईकडच्या माळ्यावर चढलोय. क्लासमधून आलेली एक फाइल, दादाच्या मित्राने पेनड्राइव्हवर दिलेली दुसरी, कुठल्याशा कोर्समधून उचललेली तिसरी, आणि त्या सगळ्यांवर इंजिनाने रात्रभर बसून ओतलेल्या फांद्या. कॅरो-कानची एक लाइन तर सव्विसाव्या चालीपर्यंत गेली आहे आणि तिच्या टोकाला ०.०० असा आकडा आहे. तुझ्या गटातलं कोण तुझ्याशी सव्विसाव्या चालीपर्यंत पुस्तकातलं खेळणार आहे, ते मला कळव. मी मुद्दाम अंधेरीला बघायला येईन.

तू दोन गोष्टी विचारल्यास. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, आणि लाइन्स लावायच्या कशा. पहिल्याचं उत्तर लहान आहे. काहीही विकत घेऊ नकोस. चेसबेस उत्तम आहे, पण ते विंडोजवर चालतं, पैसे पडतात, आणि त्यातल्या निम्म्या बटणांची तुला अजून गरज नाही. लिचेसवरचा ‘स्टडी’ फुकट आहे. एका स्टडीत चौसष्ट चॅप्टर बसतात, तुला ते पुरून उरतील. घरच्या जुन्या लॅपटॉपवर स्किड टाक, तेही फुकट आहे. फक्त एक पाळायचं: जे काही लिहिशील ते महिन्यातून एकदा पीजीएनमध्ये उतरवून दोन ठिकाणी ठेवायचं. पीजीएन ही साधी मजकुराची फाइल असते. स्टीव्हन एडवर्ड्सने १९९३मध्ये ती पद्धत बसवली आणि आज बुद्धिबळाचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ती वाचतो. ॲप बदललं, कंपनी बंद पडली, तरी तुझं काम तुझ्याकडे राहतं.

आता दुसरं. इथे मी जरा पाल्हाळ लावणार आहे, चहा घेऊन बस.

तू काळ्याकडून ई४ला कॅरो-कान खेळतेस आणि डी४ला सेमी-टॅराश. दोन्हींच्या दोन वेगळ्या फाइली केल्यास, वेगळ्या सरांकडून शिकलीस. आता बोर्ड काढ. स्क्रीन नको, लाकडी पट घे आणि हे मांड:

१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ सी×डी५ ४. सी४ घो-एफ६ ५. घो-सी३ ई६ ६. घो-एफ३ उं-ई७ ७. सी×डी५ घो×डी५ ८. उं-डी३ घो-सी६ ९. ०-० ०-०

हा पॅनोव्ह हल्ला, तुझ्या कॅरो-कान फाइलमधला सहावा चॅप्टर. पट तसाच ठेव आणि शेजारी दुसरा पट घेऊन हे खेळ:

१. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घो-सी३ घो-एफ६ ४. घो-एफ३ सी५ ५. सी×डी५ घो×डी५ ६. ई३ घो-सी६ ७. उं-डी३ सी×डी४ ८. ई×डी४ उं-ई७ ९. ०-० ०-०

दोन्ही पटांवर एकेक मोहरा ताडून बघ. एकच स्थिती आहे. बेलग्रेडच्या ‘इन्फॉर्मेटर’वाल्यांनी ओपनिंगांना ए०० ते ई९९ असे पाचशे कोड दिले. त्या हिशोबाने पहिली वाट बी१४मध्ये आहे आणि दुसरी डी४२मध्ये. डाव कुठल्या वाटेने आला ते कोड सांगतो. आपण कुठे पोचलो, ते मात्र पटाकडे बघूनच कळतं.

आणि आता तुझ्या फाइलींची गंमत. दहाव्या चालीला पांढऱ्याने हत्ती ई१वर आणला, तर तुझी कॅरो-कान फाइल म्हणते उंट एफ६वर न्या. तुझी सेमी-टॅराश फाइल म्हणते डी५चा घोडा एफ६वर मागे घ्या. एकाच स्थितीला एकाच मुलीची दोन उत्तरं, आणि तुला त्याचा पत्ताच नाही! दोन्ही चाली चांगल्या आहेत, मोठमोठ्यांनी दोन्ही खेळल्यात. म्हणूनच इंजिनाला विचारून हा तंटा मिटणार नाही. ते कधी एकीला एक शतांश जास्त देईल, अजून पाच मिनिटं थांबलीस तर दुसरीला. निवड तुलाच करावी लागेल, आणि निवडायचं तर या स्थितीत चाललंय काय, हे समजून घ्यावं लागेल.

चाललंय असं: पांढऱ्याचं डी४वरचं प्यादं एकटं पडलंय, त्याला आधार द्यायला शेजारी प्यादं उरलेलं नाही. त्याच्या समोरचं डी५चं घर तुझं आहे आणि तिथे तुझा घोडा ठाण मांडून बसलाय. बदल्यात पांढऱ्याला मोकळी जागा आहे, ई-पट्टीवर हत्ती आहे, आणि उंट-वजीर मिळून तुझ्या एच७वर डोळा ठेवतात. संधी मिळाली की डी५ करून तो सगळं उघडून टाकेल. आता उंट एफ६वर नेलास तर घोडा जागेवरच राहतो आणि डी४वर तुझा दाब वाढतो. पांढऱ्याने उं-ई४ केलं की सी६चा घोडा ई७वर, म्हणजे डी५ला आणखी एक आधार. घोडाच एफ६वर नेलास तर राजाची बाजू भक्कम होते, मग बी६, उं-बी७. पण डी५चं घर तू स्वतः रिकामं केलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक चालीला ‘आता डी५ झालं तर?’ हा हिशोब चुकत नाही. तुझा स्वभाव बघता माझा कौल उंटाकडे. तुला घोडा आवडला तर घोडा, माझी हरकत नाही. पण दोन्ही फाइलींत एकच लिही.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथे आहे. स्किडमध्ये किंवा चेसबेसमध्ये तू स्थिती शोधतेस तेव्हा ती कुठल्या क्रमाने आली याची त्यांना पर्वा नसते. लिचेसचा ओपनिंग एक्सप्लोररही स्थितीच ओळखतो. स्टडीतले चॅप्टर मात्र एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे ताळमेळ तुलाच ठेवावा लागतो. म्हणून ‘एकटं डी प्यादं’ असा एक वेगळा चॅप्टर उघड आणि पॅनोव्ह, सेमी-टॅराश दोन्हींकडून आलेल्या लाइन्स तिथे आणून थांबव. पुढचं सगळं तिथेच. तुझी अर्धी फाइल इथेच गळून पडेल.

उरलेली फाइल गाळायला एक चाळणी देतो. प्रत्येक लाइनच्या टोकाला तुझ्या मराठीत दोन ओळी लिहायच्या: इथे माझा बेत काय, आणि समोरच्याची सगळ्यात साहजिक चूक कोणती. लिहिता आलं नाही, तर लाइन काढून टाक. ‘इंजिन म्हणतं’ हे कारण चालणार नाही. स्टॉकफिश २००८पासून आहे, फुकट आहे, आणि २०२०मध्ये त्यात न्यूरल नेटवर्क बसवल्यापासून त्याच्याशी वाद घालण्याची सोय कोणालाच राहिलेली नाही. पण ते तुला चाल देतं, कारण देत नाही. आणि पटावर बसल्यावर आधी कारण आठवतं, मग चाल.

उदाहरण तुझ्याच ओपनिंगमधलं. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घो-सी३ डी×ई४ ४. घो×ई४ घो-डी७, आणि पांढरा खेळतो ५. व-ई२. दिसायला वेडपट चाल, स्वतःच्याच उंटाची वाट अडवलेली. तुझ्या फाइलमध्ये या चालीला इंजिनाचं उत्तर आहे, पुढे अकरा चालींची शेपूट आहे. पण हाताला जी चाल आपोआप सुचते, म्हणजे घो-जी-एफ६, ती का करायची नाही, याबद्दल एक अक्षर नाही. ती केलीस तर ६. घो-डी६ आणि मात. ई७चं प्यादं वजिराने राजाला बांधून ठेवलंय, ते घोडा मारू शकत नाही. इंजिनाला हे सांगण्याची गरज वाटत नाही, कारण ते तिकडे जाणारच नाही. तू जाशील. सहा फेऱ्या खेळून दमल्यावर सातवीत नक्की जाशील. फाइलमध्ये ‘इथे घोडा एफ६ला नको, डी६वर मात’ एवढंच लिही आणि शेपूट तोड.

कुठल्या लाइन्स आधी तयार करायच्या, त्यासाठी एक्सप्लोररमधली दोन खाती बघ: एक मास्टर्सच्या डावांचं, एक लिचेसवर खेळणाऱ्या सगळ्यांचं. दुसऱ्यात रेटिंग आणि वेळ निवडता येते. तुझ्या आसपासचं रेटिंग आणि रॅपिड लाव. (ऑनलाइन रेटिंग फिडेच्या रेटिंगपेक्षा बहुधा फुगलेलं असतं, तेवढं धरून चाल.) मास्टर्स जिथे चौदाव्या चालीला वेगळे होतात, तिथे आपली माणसं तिसऱ्या-चौथ्याच चालीला वाट सोडतात. एक्सचेंज करून शांतपणे उं-डी३, नाहीतर तिसऱ्या चालीला ई५ पुढे ढकलून हल्ल्याची घाई, नाहीतर एफ३. या तीन गोष्टी तुला घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक स्पर्धेत भेटतील. त्या पक्क्या कर. बाकीची थिअरी पळून जात नाही.

डेटाबेस जन्माला आला तोही असल्याच कामासाठी, हे तुला माहीत असावं. १९८५मध्ये कास्पारोव्ह हॅम्बर्गच्या एका संघातल्या आठ जणांशी एकाच वेळी खेळला आणि ३.५–४.५ असा हरला. दोन वर्षांनी तो परत गेला तेव्हा चेसबेसची पहिली आवृत्ती हाताशी होती. त्याच संघाचे डाव त्याने त्यात बघितले आणि ७–१ने जिंकला. त्याने त्या यंत्राला जगातली सगळी थिअरी विचारली नव्हती. ही माणसं काय खेळतात, एवढंच विचारलं. आणि आपल्याकडे वसंती खाडिलकरांनी १९७४मध्ये पहिलं राष्ट्रीय महिला अजिंक्यपद जिंकलं, त्यांच्या भगिनी रोहिणी १९८१मध्ये आशियाई विजेत्या झाल्या, तेव्हा चेसबेस नव्हतंच. मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७मध्ये ग्रँडमास्टर झाले, तेव्हाही स्टॉकफिश यायला अकरा वर्षं होती. जुनं ते सोनं असं म्हणायला हे सांगत नाही. त्यांना हे मिळालं असतं तर त्यांनी ते आनंदाने घेतलं असतं. पण त्यांना जे लिहून ठेवायचं ते हाताने लिहावं लागत होतं, त्यामुळे कामाचं तेवढंच वहीत जात होतं. कॉपी-पेस्टने ती चाळणी तुमच्या हातून काढून घेतली, म्हणून ती मुद्दाम लावावी लागते.

फाइल वाढवायचीच असेल तर तुझ्या डावांतून वाढव. स्पर्धेहून आलीस की जेवण झाल्यावर स्कोअरशीट घे आणि इंजिन बंद ठेवून डाव उतरव. आपण फाइल सोडून कुठे बाहेर पडलो ती चाल शोध. आधी तू सोडलीस की समोरच्याने, ते लिही. मग तुला काय करायला हवं होतं याचा स्वतःचा अंदाज लिही. त्यानंतरच इंजिन लाव. एका डावामागे फाइलमध्ये एक फांदी वाढली, बस्स. हरलेल्या डावाला दोन फांद्या वाढल्या तरी ओपनिंगवर खापर फोडू नकोस. मागच्या खेपेला तू पाठवलेल्या डावांत ओपनिंगमधून तू चांगली बाहेर पडली होतीस आणि हत्तींच्या अंतिम अवस्थेत हरली होतीस. त्या रात्री मात्र तू ओपनिंगची फाइल वाढवलीस! जुलै २०२५मध्ये बातुमीला दिव्या देशमुख महिला वर्ल्ड कप जिंकली, तो अंतिम सामना आठव. कोनेरू हंपीशी क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्ये लागला, तोही वेळेच्या ताणात. तिथे विसावी चाल पाठ असून कोणाला काही उपयोग नव्हता. तुझ्या वेळेतला तिसरा हिस्सा ओपनिंगला, त्याहून जास्त नको. दहावीचं वर्ष आहे, तो हिस्साही लहानच असणार.

पाठांतरासाठी चेसेबलसारखी ॲप्स आहेत, विसरायला लागलेली लाइन ती बरोबर वेळेवर पुन्हा समोर आणतात. वापर, पण स्वतःच्या गाळलेल्या फाइलवर. मेट्रोने अंधेरीहून घाटकोपरला येताना फोन न बघता एक चॅप्टर मनात खेळून बघ. जिथे अडशील तिथे घरी आल्यावर खूण कर. स्पर्धेच्या दिवशी फोन आईकडे, हॉलच्या बाहेर. सॅकमध्ये विसरला आणि वाजला तर डाव गेला, मग आर्बिटरसमोर रडून उपयोग नाही.

आणि सकाळी पेअरिंग लागल्यावर नवीन काहीही उघडायचं नाही. आपल्या दोन ओळींच्या टिपा वाचायच्या, पोहे खायचे.

आता काम. एक्सचेंज, ई५ आणि एफ३ या तिघांचे चॅप्टर आणि तो एकट्या प्याद्याचा, एवढे चारच ठेवून नवी फाइल कर. जुनी खोडू नकोस, वेगळ्या फोल्डरमध्ये टाक. त्यातलं काही लागलंच तर तेवढं उचलून आण. रविवारी संध्याकाळपर्यंत मला पाठव. उंट की घोडा, ते ठरवलं असशील तर का ठरवलं तेही लिही, आणि तुझ्या अक्षरात लिही. दादाला विचारून लिहिलेलं मला लगेच कळतं.

ताईला सांग, गणपतीला मी पट घेऊन येतोय.

तुझा,
मामा